‘ग्ल’चा उजेड, ‘इन’चा चकवा: एका शब्दवहीचा प्रकरण अभ्यास

तांबड्या पेनाने मी त्या कागदाच्या कोपऱ्यात ‘तुक्का!’ असं लिहिलं होतं. उद्गारचिन्हासकट. तो शब्द मला आठवड्याभरात खोडावा लागला, आणि खोडल्यावर पुढच्या महिन्यात मी स्वतःच एक मोठी चूक केली. हे प्रकरण त्या दोन्ही गोष्टींचं.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रविवारी सकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं इंग्रजी घेते. अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस जण बसतात, बहुतेक सगळे मराठी माध्यमातले. माझ्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. यांना ती पहिलीपासून आहे, कारण 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीलाच आलं. तरीही शब्दसंग्रहाचे प्रश्न आले की सगळ्यांचे चेहरे पडतात. व्याकरणाला नियम तरी असतात. शब्दाचं काय करायचं? एकतर तो माहीत असतो नाहीतर नसतो, अशी सगळ्यांची समजूत. माझीही होती.

कागद

त्या रविवारी मी बारा शब्द दिले. पर्याय नाहीत, वाक्य नाही, नुसते शब्द. सूचना एकच: अर्थ माहीत नसेल तर अंदाज लिहा, पण जागा कोरी सोडू नका. शब्द मुद्दाम तीन टोळ्यांतून उचलले होते. पाच ‘जी-एल’ने सुरू होणारे: ग्लिसन, ग्लिमर, ग्लाउअर, ग्लीन, ग्लट. तीन ‘एस-एन’ने: स्नाउट, स्निव्हल, स्नॅग. आणि चार ‘डब्ल्यू-आर’ने, ज्यातला डब्ल्यू लिहायचा पण बोलायचा नाही: राइद, रिंग, राय, रॅथ. (ही रिंग बोटातली नव्हे. बोटातलीला डब्ल्यू नाही.)

बहुतेकांनी ओळखीच्या शब्दांशी गाठ मारून काहीतरी लिहिलं. रिंगला ‘अंगठी’, ग्लटला ‘ग्लास फुटणे’. दोघांनी सूचना धाब्यावर बसवून कागद कोरा दिला.

एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. बी.एस्सी. झालेली, घरी हळदीची शेती, वर्गात स्वतःहून कधी तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते. ग्लिसन: चमकणे. ग्लिमर: थोडा थोडा उजेड. ग्लाउअर: बघणे, पण कसं ते माहीत नाही. ग्लीन: चकाकी. ग्लट: डोळे दिपणे. स्नाउट: नाक, जनावराचं असेल. स्निव्हल: शेंबूड ओढणे. स्नॅग: नाकात काहीतरी अडकणे. राइद: अंग पिळवटणे. रिंग: पिळणे, कपडे वगैरे. राय: वाकडं. रॅथ: गुंडाळणे.

आता खरे अर्थ बघा. ग्लिसन म्हणजे ओलसर चमकणं, ग्लिमर म्हणजे मिणमिणणं, स्नाउट म्हणजे डुकराकुत्र्याचं पुढे आलेलं नाक-तोंड. स्निव्हल म्हणजे नाक ओढत मुसमुसणं. राइद म्हणजे वेदनेने अंगाला आळोखेपिळोखे देणं, रिंग म्हणजे ओले कपडे पिळणं, राय म्हणजे वाकडं, विशेषतः ओठांवरचं वाकडं हसू. सात उत्तरं बिनचूक. ग्लाउअर म्हणजे रागाने डोळे वटारून बघणं. तिने ‘बघणे’ इथपर्यंत मजल मारलीच होती. स्नॅग म्हणजे मध्येच निघालेली अडचण, कपडा अडकावा असा खुंट. ‘अडकणे’ बरोबर, नाक फुकट. सपशेल चुकले ते तीनच: ग्लीन, ग्लट आणि रॅथ.

पहिला संशय मोबाइलचा आला. पण मोबाइलने स्नॅगमध्ये नाक घातलं नसतं. चुकाच सांगत होत्या की उत्तरं तिची स्वतःची आहेत. मग राहिलं काय, तर तुक्का. म्हणून तो तांबडा शेरा.

पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती थांबली. “मॅडम, तुक्का नाही तो.”

“मग काय?”

“ग्लो, ग्लास, ग्लेअर. गणपतीच्या मखराला लावतो ते ग्लिटर. सगळं चमकणारंच आहे की. आणि स्निफ, स्नीझ, स्नोर हे नाकाचं. दादाच्या गॅरेजात रेंच आहे, तो फिरवायचा. रिस्ट म्हणजे मनगट, तेही फिरतं. रॅप म्हणजे गुंडाळणं, रिंकल म्हणजे सुरकुती. त्या अक्षरांना काहीतरी वळतंच.” मग जरा थांबून म्हणाली, “आपल्यात नाही का, झगमग, झळाळी, झगझगीत, झळकणं? झ आला की डोळ्यांपुढे उजेडच येतो.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तीसेक वर्षं इंग्रजी शिकवून मी हे कधी मुलांना सांगितलेलं नव्हतं, कारण मला शिकवलं गेलं होतं ते उलट: शब्द आणि अर्थ यांचा आतून काही संबंध नसतो. झाडाला आपण झाड म्हणतो, इंग्रज ट्री म्हणतो. झाडाला दोन्हीचं सोयरसुतक नाही. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचं हे यादृच्छिकतेचं तत्त्व 1916 साली, त्यांच्या पश्चात छापल्या गेलेल्या व्याख्यानांमधून जगभर गेलं आणि भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर येऊन बसलं. तत्त्व खोटं नाही. पण या मुलीचा कागद त्याच्या चौकटीत मावत नव्हता.

घराण्यांची चौकशी

मी शोधायला बसले तेव्हा कळलं की ही शंका चांगली साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. जॉन वॉलिस नावाचे इंग्रज गणिती होते. अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह 1655 साली छापात आणलं ते हेच. त्याच्या दोन वर्षं आधी, 1653 मध्ये, त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलं आणि त्यात अशा आरंभीच्या अक्षरांच्या याद्या दिल्या. ‘एस-टी-आर’मध्ये जोर आणि ताकद, ‘डब्ल्यू-आर’मध्ये वाकडेपणा आणि पीळ, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हळदवालीने गॅरेजातल्या रेंचवरून जे ओळखलं, तेच.

नाव मिळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी 1930 साली अर्थ सुचवणाऱ्या अशा अक्षरगटाला ‘फोनेस्थीम’ म्हटलं. हे फर्थ त्याआधी, 1928 पर्यंत, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडच्या भाषांतले झगमग, चमचम, थरथर त्यांच्या कानांवर रोज पडत असणार. त्याचा त्यांच्या विचारावर परिणाम झाला असं मी म्हणत नाही, पण असा विचार करायला लाहोर ही वाईट जागा नव्हे.

फोनेस्थीमला मी मुलांपुढे ‘घराणं’ म्हणते. आडनावासारखं समजा, फक्त ते नावाच्या शेवटी न येता सुरुवातीला येतं. आणि आडनावाचं जे होतं तेच इथेही होतं: एका आडनावाचे सगळे एका रक्ताचे असतीलच असं नाही. काही खरे भाऊबंद, काही दत्तक, काहींचं नुसतं नाव सारखं.

‘ग्ल’च्या घराण्यात रक्ताचं नातं बरंच आहे. ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लास हे शब्द भाषाशास्त्रज्ञ इंग्रजी आणि संस्कृत या दोन्हींच्या पूर्वज असलेल्या इंडो-युरोपीय भाषेतल्या एका धातूकडे, म्हणजे शब्दमूळाकडे नेतात, ज्याचा अर्थ चकाकणं आणि जो पिवळ्या-हिरव्या, सोनेरी रंगांशी बांधलेला आहे. इंग्रजीतले गोल्ड आणि येलो तिथलेच. संस्कृतातले हरि आणि हिरण्यही तिथलेच, आणि हरि म्हणजे पिवळा या अर्थातूनच हरिद्रा, म्हणजे आपली हळद. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा मोकळी हसली. ज्या पिकावर तिचं घर चालतं ते पीक ‘ग्लो’चं लांबचं भावंडं निघालं होतं.

‘डब्ल्यू-आर’चंही तसंच. रीथ म्हणजे वेढा घातलेली फुलांची माळ, रिस्ट, रिंग, रेंच, राइद, राय, आणि साधा राँगसुद्धा, ज्याचा मूळ अर्थ ‘वाकडा’. सरळ ते बरोबर आणि वाकडं ते चूक, हा हिशोब मराठीला काही नवा नाही. या सगळ्यांच्या मुळाशी ‘वळणे’ या अर्थाचा एक जुना धातू आहे. संस्कृतातला वृत् त्याच कुळातला, म्हणजे आपलं वर्तुळ आलंच. मग मी मराठीतले व चाळले आणि चाळतच राहिले: वळण, वळसा, वळकटी, वाकणं, वाकडा, वेढा, वेणी, वेलांटी, वेटोळं, विळखा, वेष्टण, वाटोळं. तोंडातला ओठ जिथे व म्हणायला मुडपतो तिथेच भाषेने वळणाचे शब्द आणून ठेवलेत. हे सगळे एका बापाचे नाहीत, पण एका वाड्यात राहतात.

तिची रॅथची चूकही इथे उलगडते. रॅथ म्हणजे क्रोध. शब्द घराण्यातलाच, मूळ अर्थ पिळवटलेला, पण पीळ दोरीचा नव्हे, मनाचा. तिने दोरीचा घेतला. ही चूक मला आजही अर्धी बरोबर वाटते.

उलट राइट म्हणजे लिहिणं हा ‘डब्ल्यू-आर’ने सुरू होऊनही या वळणाच्या वाड्यातला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ओरखडणं, कोरणं. लाकडावर, दगडावर ओरखडे काढणं म्हणजेच लिहिणं. आपल्या लिहिण्याचं मूळही लिख्, म्हणजे खरवडणं, रेघ ओढणं. दोन भाषांनी वेगवेगळ्या शब्दांतून एकच खाच पाडली.

आता दत्तक आलेले. मला सगळ्यात आवडतात ते हेच, कारण घराणं जिवंत आहे याचा पुरावा हे देतात. मेलेलं घराणं दत्तक घेत नाही.

स्नीझ घ्या. शिंकणं. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘एस-एन’ने सुरूच होत नव्हता, तो ‘एफ-एन’ने सुरू व्हायचा, फ्नेओसान असा काहीतरी. पुढे इंग्रजीतून ‘फ्न’ हा जोडच नाहीसा झाला आणि पंधराव्या शतकाच्या सुमाराला शिंक ‘स्न’कडे आली. कारणं दोन सांगतात. एक, जुन्या हस्ताक्षरात लांब एस आणि एफ इतके सारखे दिसायचे की वाचणाऱ्याची गल्लत व्हावी. दुसरं, स्नोर, स्नाउट, स्नॉट ही नाकवाली मंडळी शेजारी बसलेलीच होती, शिंक त्यांच्यात सहज खपली. मला दोन्ही कारणं एकदम पटतात. चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरलेला पाहुणा तिथे ओळखीचे चेहरे दिसले की जेवूनच जातो.

नाकाच्या घराण्याची एक शाखा तर आपण मराठीत तंतोतंत जगतो. स्नीअर म्हणजे तुच्छतेने हसणं, स्नूटी म्हणजे शिष्ट. नाक मुरडणं, नाक वर करून चालणं. गंमत म्हणजे नाकासाठीचा मूळ शब्द नोज. तो नासिकेचा सख्खा नातलग, पण ‘स्न’ घराण्यात त्याला प्रवेश नाही.

आणि ग्लॅमर. हा शब्द मराठीत इतका रुळलाय की सिनेमाच्या पानावर त्याच्याशिवाय भागत नाही. तो मुळात ग्रॅमर आहे. हो, व्याकरण. जुन्या काळी सामान्य माणसाला पोथीतली विद्या आणि मंत्रविद्या यांत फरक दिसत नसे. स्कॉटलंडमध्ये ग्रॅमरचा उच्चार बदलून ग्लॅमर झाला, अर्थ झाला जादू, नजरबंदी. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनातून तो बाहेर पसरला आणि विसाव्या शतकात झगमगीत सौंदर्याला जाऊन चिकटला. ‘ग्र’चा ‘ग्ल’ झाला आणि व्याकरणाला चकाकी आली. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे मॅडम, तुमचा विषय ग्लॅमरसच आहे.” ग्लान्सचंही असंच: मूळ अर्थ पात्याचा वार घसरून निसटणं, मग ‘ग्ल’च्या संगतीत राहून ओझरती नजर.

राहिले नुसते नावबंधू. ग्लू, ग्लोब, ग्लँड, ग्लव्ह यांचा उजेडाशी काही संबंध नाही. तिचा ग्लट त्यातलाच: घशाखाली उतरेल त्यापेक्षा जास्त, अजीर्ण होईल इतकं. खादाडाला ग्लटन म्हणतात. बाजारात टोमॅटोची आवक इतकी वाढते की शेतकरी गाड्या रस्त्यावर ओततो, तो ग्लट. आणि ग्लीन म्हणजे सरवा वेचणं! कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचायला बायका जातात ना, ते. शेतकऱ्याच्या मुलीला सरव्यासाठीचा इंग्रजी शब्द चुकावा, आणि तो ग्लीमशी एका अक्षराच्या फरकाने, याचं मलाच वाईट वाटलं.

एवढं झाल्यावर मी तांबडा ‘तुक्का’ खोडला. पण सात बरोबरचं कौतुक करताना एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली, ती भाषेचे अभ्यासक बेन्जामिन बर्गन यांचा 2004 सालचा अभ्यास वाचताना लक्षात आली. त्यांनी दाखवलं की ही घराणी वाचणाऱ्याच्या डोक्यात खरोखर असतात. ग्लिटर दाखवून लगेच ग्लो दाखवला की हा शब्द आहे हे माणसं जास्त झटकन ओळखतात. नुसती अक्षरं सारखी किंवा नुसता अर्थ सारखा असलेल्या जोड्यांना तेवढी मदत होत नाही. पण त्याच लेखात मोजदादही आहे. ब्राउन कॉर्पस या अमेरिकी मजकुराच्या संग्रहात ‘जी-एल’ने सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या शब्दांपैकी उजेडाशी किंवा पाहण्याशी नातं असलेले सुमारे 39 टक्के, ‘एस-एन’मध्ये नाका-तोंडाशी नातं असलेले सुमारे 28 टक्के. म्हणजे डोळे मिटून ‘ग्ल’ला उजेड म्हणणारा निम्म्याहून जास्त वेळा आपटणार. आमच्या मुलीला इतके गुण मिळाले कारण कागद मी काढला होता, आणि शब्द निवडताना मीच घराण्याकडे झुकले होते. ग्लँड, ग्लव्ह, स्नो, स्नेल असे शब्द दिले असते तर?

हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं फक्त कौतुक.

वही

महिन्याभराने तिने दोनशे पानी वही आणून दाखवली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर अक्षरं आणि समोर अर्थ, निळ्या शाईत, चौकटीत. जी-एल: उजेड. एस-एन: नाक. डब्ल्यू-आर: पीळ. पुढे आर-ई: पुन्हा. डी-आय-एस: उलट. पी-आर-ई: आधी. आय-एन: नाही. खाली शब्दांच्या रांगा. इन्व्हिजिबल, इन्करेक्ट, इन्कम्प्लीट. अक्षर सुंदर. मी कौतुकाने दोन पानं उलटली आणि तिसऱ्या ओळीवर थांबले.

“इन्फ्लेमेबल: न पेटणारं.”

“हे कुठे मिळालं तुला?”

“टँकरवर मॅडम. मागे लिहिलेलं असतं ना. हायली इन्फ्लेमेबल.”

रस्त्यावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरला ती ‘अजिबात न पेटणारा’ म्हणत होती. त्याच टँकरवर मराठीत ‘ज्वालाग्राही’ किंवा हिंदीत ‘ज्वलनशील’ लिहिलेलं असतं, पण ते तिने वाचलं नव्हतं. इंग्रजीचा अभ्यास करणारा माणूस इंग्रजीच वाचतो. आणि तिला हसण्याचं कारण नाही. हा गोंधळ खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही आहे. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ नकाराचा नाही. तो लॅटिनमधल्या दुसऱ्या ‘इन’चा, ‘आत, मध्ये’ या अर्थाचा: ज्वाळांत जाणारं, पेट घेणारं. फ्लेमेबल हा छोटा शब्द नंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि कितीतरी काळ तो कोणी फारसा वापरतही नव्हतं. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने आग्रह धरला की धोक्याच्या पाटीवर फ्लेमेबलच लिहा, कारण इन्फ्लेमेबल वाचून कोणी निर्धास्त झाला तर जिवाशी गाठ आहे. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही 1959 साली तेच धोरण घेतलं. दोन अक्षरांसाठी अग्निशमनवाल्यांना भाषेत हात घालावा लागला, हे उदाहरण मी आता दर बॅचला सांगते.

त्याच पानावर आणखी दोन होते. इन्फेमस: प्रसिद्ध नसलेला. खरा अर्थ कुप्रसिद्ध. इन्व्हॅल्युएबल: किंमत नसलेलं, फालतू.

चूक तिची नव्हती. मी तिला घराणं दाखवलं आणि उपसर्ग वेगळा असतो हे सांगायचं विसरले. दोन्ही शब्दाच्या सुरुवातीला बसतात, दोन्ही अर्थ सुचवतात, म्हणून तिने दोघांना एकाच चौकटीत घातलं. पण फरक मोठा आहे. उपसर्ग कोणीतरी मुद्दाम जोडलेला असतो. तो काढला तर उरलेला तुकडा साधारणपणे आपल्या पायांवर उभा राहतो. व्हिजिबल राहतो, करेक्ट राहतो. घराण्याचं तसं नाही. ग्लोमधून ‘ग्ल’ काढा, उरतो नुसता ‘ओ’. स्नॉटमधून ‘स्न’ काढा, उरतो ‘ऑट’. त्या तुकड्यांना स्वतःचं काही नाही. उपसर्गाचा अर्थ नेमका असतो. घराण्याचा अर्थ संगतीचा, धुकट. उपसर्ग चुकला तर वाक्य उलटं होतं. घराणं चुकलं तर फार तर नाक फुकट जातं.

इंग्रजी समजावायला मला मराठीच कामाला आली. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: अनुकूल आणि अनुचित.

“दोन्ही ‘अनु’ने सुरू होतात. दोघांत ‘अनु’ एकच आहे?”

तिने क्षणभर बघितलं. “नाही. अनुचित म्हणजे अन् आणि उचित. अनुकूलमध्ये अनु आहे.”

“अनुपस्थित?”

“अन् उपस्थित. अनुत्तीर्ण पण तसंच. अनुवाद, अनुभव, अनुकरण वेगळे.”

“कसं ओळखलंस?”

“उचित शब्द माहीत आहे ना, मॅडम. चित माहीत नाही.”

एवढंच. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. अनुचितचा ‘चित’ करून कोणी मराठी माणूस कधी फसत नाही, कारण उरलेला तुकडा त्याच्या ओळखीचा असतो. इंग्रजीत आपण फसतो कारण तुकडे अनोळखी. म्हणजे सुरुवात पाठ करून भागत नाही, सुरुवात काढल्यावर मागे काय राहतं ते बघावं लागतं.

इन्व्हॅल्युएबल मी तिच्यावरच सोडला. तिने ‘इन’ काढला, व्हॅल्यू सापडली, आणि पुन्हा ‘बिनकिमतीचं’वर आली. मग मी विचारलं, अनमोल म्हणजे काय? ती फळ्याकडे बघत राहिली. अन् आणि मोल. मोल नाही, म्हणजे फुकट नव्हे. मोल करता येत नाही इतकं. इंग्रजीने आणि मराठीने हा शब्द अगदी एकाच मापाने शिवलाय, आणि हा ‘अन्’ त्या नकारी ‘इन’चा खरोखरीचा भाऊ आहे. इन्फेमसमध्येही ‘इन’ नकारीच, पण तो नाकारतो ते चांगलं नाव. नुसतं अप्रसिद्ध नव्हे, बदनाम.

पद्धत सोपी वाटली म्हणून मी तिला लगेच एक खोडाही दाखवला, नाहीतर ती याचाही चौकटीतला नियम करून ठेवणार. इन्फंट, तान्हं मूल. ‘इन’ काढला तर ‘फंट’ उरतो, जो इंग्रजीत कोणाच्याच ओळखीचा नाही. तरी हा ‘इन’ नकारीच: लॅटिनमध्ये इन्फन्स म्हणजे अजून बोलता न येणारं. आणि इन्फ्लेमेबलमधून ‘इन’ काढला तर फ्लेमेबल मजेत उभा राहतो, तरी अर्थ उलटत नाही. तुकडा ओळखीचा असणं हा पुरावा झाला, निकाल नव्हे. शेवटी कोश उघडावाच लागतो.

तिने वही पुन्हा लिहायला घेतली. यावेळी चौकटी नव्हत्या. घराण्यांची पानं पुढून, उपसर्गांची मागून, शाईचा रंग वेगळा. घराण्याच्या पानाखाली एक रेघ, आणि रेघेखाली त्या अक्षरांचे पण घरात न बसणारे शब्द: ग्लू, ग्लव्ह, ग्लीन, ग्लट. ग्लीनपुढे कंसात ‘सरवा’. ‘डब्ल्यू-आर’च्या पानावर समासात तिने मराठी व ची रांग लिहिली होती आणि माझ्याकडून राहून गेलेले दोन शब्द भरले होते: वेसण आणि वाती. वाती वळायच्या असतात, म्हणाली, म्हणून घातलं. व्युत्पत्तीच्या दृष्टीने वातीला तिथे जागा आहे की नाही हे मी पाहिलं नाही. तिची वही आहे.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा तसाच कागद दिला. या वेळी शब्द शब्दकोशाचं पान कुठलंही उघडून उचलले, घराण्याकडे न झुकता. तिने अकरा ठिकाणी काही ना काही लिहिलं, त्यातल्या चारांपुढे ‘अंदाज’ अशी खूण. बाराव्या शब्दापुढे, ग्लोमिंगपुढे, तिने लिहिलं होतं: “उजेडाचं काहीतरी असावं. सोबत वाक्य नाही, म्हणून कमी की जास्त ते सांगता येत नाही.”

ग्लोमिंग म्हणजे तिन्हीसांज. उजेड असतो, पण जात असतो. मी अर्धा गुण दिला. तिने पूर्ण मागितला, आणि आमचा वाद वर्गाची कडी लावेपर्यंत चालू होता.